बिनपेपरचा दिवस

कुंजंबूने पेपर दोन्ही हातांनी झटकला, मधोमध दुमडला, घसा खाकरला आणि वाचनालयाच्या ओसरीवरून समोर अशी नजर फिरवली, की पाहणाऱ्याला वाटावं पुढे शंभर माणसं बसली आहेत. बसली होती दोनच. एक मायिन, तो खुर्चीत मागे रेलून पायातली चप्पल अंगठ्यावर खेळवत होता. दुसरी चीरू, ती ओसरीच्या कोपऱ्यातल्या स्टोव्हवर काळा चहा उकळत होती.

“पहिलं पान,” कुंजंबूने जाहीर केलं.

“ते आम्हालाही दिसतंय,” मायिन म्हणाला. “पुढे हो.”

“कोची. एका कंपनीने बातम्या देणारी बाई तयार केली आहे. बाई म्हणजे खरी बाई नव्हे, कॉम्प्युटरने बनवलेलं चित्र. ते ओठ हलवतं, मान हलवतं आणि रात्रंदिवस न थकता बातम्या देतं. पगार मागत नाही.”

“पगाराचं छापलंय?”

“पगाराचं मी सांगतोय. छापणाऱ्यांना लाज वाटली असेल.”

मायिन खूश झाला. सकाळी सकाळी असा विषय निघाला की त्याला चहात साखर कमी लागायची. “मला तर बाई पसंत आहे,” तो म्हणाला. “रजा नको, चहा नको आणि मुख्य म्हणजे दर ओळीला थांबून सरकारला शिव्या नकोत. तू एक पान वाचतोस तोवर ती अख्खा पेपर संपवेल.”

“संपवायला काय, वाळवीही संपवते. तांदूळ महागला हे वाचायचं, तर वाचणाऱ्याच्या घरी चूल पेटत असावी लागते. नाहीतर तो नुसता आवाज.”

“यंत्रांचं मला नका सांगू,” चीरू स्टोव्हकडूनच म्हणाली. “रेशनच्या त्या यंत्रावर मी अंगठा ठेवला, तर म्हणे अशी बाईच नाही! जन्मभर विड्या वळून रेघा झिजल्या बोटांच्या, त्यात माझा काय दोष? शेवटी डोळा दाखवला तेव्हा कुठे तांदूळ मिळाले. हातावर विश्वास नाही मेल्याचा.”

“बघ!” कुंजंबू म्हणाला.

“काय बघ? डोळ्याने ओळखलं ना? अंगठा गेला तर डोळा, डोळा गेला तर आवाज. यंत्राला शंभर वाटा असतात. तुला एकच ठाऊक, मोर्चा.” मायिनने चप्पल खाली टाकली आणि मूठ वर केली. “फ्रिज मुर्दाबाद!”

चीरू हसताहसता चहा सांडणार होती.

ही फ्रिजची गोष्ट आमच्या कारक्कुन्न गावात सर्वांना पाठ आहे. फार वर्षांपूर्वी कन्नूरच्या एका कचेरीत पहिला कॉम्प्युटर येणार अशी कुणकुण लागली. नोकऱ्या खाणारं यंत्र म्हणून कुंजंबू आणि मंडळींनी भर रस्त्यात टेम्पो अडवला. घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. शेवटी खोका उघडला, तर आत कोणाच्या तरी लेकीच्या लग्नातला फ्रिज. नवरीचा बाप टेम्पोतच बसलेला होता आणि बिचारा रडकुंडीला आला होता. कुंजंबूला याबद्दल विचारलं की तो आजही शांतपणे सांगतो, “भूमिका बरोबर होती. खोका चुकला.”

वाचनालयाच्या मागे जी कौलारू शेड आहे, जिथे आता मांडवाच्या खुर्च्या ठेवतात, तिथे तेव्हा विड्यांचा कारखाना होता. हे तिघेही तिथलेच. विडी वळताना हात आणि डोळे गुंतलेले असतात, कान मोकळे. म्हणून एकाने पेपर वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकत ऐकत वळायचं, अशी शेडची रीत होती. वाचणाऱ्याचा रोज बुडू नये म्हणून जो तो आपल्या सुपातल्या चार विड्या उचलून त्याच्या सुपात टाकायचा. कोणी मोजायचं नाही आणि कोणी बोलून दाखवायचं नाही. आवाज कुंजंबूचा, म्हणून वाचायचं काम कुंजंबूचं. त्या आवाजात सरकारं पडली, लढाया झाल्या, माणूस चंद्रावर जाऊन परत आला. मायिनला तर अक्षरओळखही तिथेच झाली. जेवणाच्या सुट्टीत कुंजंबू फरशीवरच्या तंबाखूच्या भुकटीत बोटाने अक्षरं काढायचा, मायिन ती गिरवायचा आणि शिंकायचा. त्याच अक्षरांच्या जिवावर तो पुढे शारजाला गेला, टायपिंगच्या दुकानात लागला आणि परतताना गावातला पहिला कॉम्प्युटर घेऊन आला. शेड बंद पडली, पण वाचन बंद पडलं नाही. ते फक्त पुढच्या ओसरीवर आलं.

पेपरची पानं एकेक करून उलटत गेली. महामार्गाचं काम रखडलं, त्यावर मायिन आणि कुंजंबूचं चक्क एकमत झालं. तेवढ्यात निधनवार्तांचं पान आलं. कुंजंबूने ते अलगद बाजूला काढून चीरूपुढे धरलं.

“हे तुझं.”

“एट्टा, पूर्वी किती छान वाचायचास रे हे पान,” चीरू म्हणाली. ती त्याला थोरल्या भावाला म्हणावं तसं एट्टा म्हणते. “कोण गेलं, कुणाची कोण, कुठे दिली होती. मला एकेक अक्षर लावत बसावं लागतं, तोवर माणसाचं तेरावंही होऊन जातं.”

“या वयात मला ते नको. रांगेत उभं राहून पुढच्यांची नावं कशाला घ्यायची?”

चीरूने पान घडी करून कमरेला खोचलं. मायिनला वाटलं, हीच वेळ चांगली आहे. तो खुर्चीत सरसावून बसला.

“एक सांगायचं राहिलं. माझ्या मुलाने शारजाहून एक डबा पाठवलाय. बोलका. पेपर ऐकव म्हटलं की पहिल्या पानापासून ऐकवतो, आवाजही गोड आहे. मी तो वाचनालयाला देणार. रविवारी कमिटीपुढे विषय आहे, पवित्रन तयार आहे.”

पवित्रन म्हणजे वाचनालयाचा सेक्रेटरी. तो तयार आहे म्हणजे कमिटी तयार आहे.

पेपरची घडी पडलेली होती, तिच्यावरून कुंजंबूने पुन्हा अंगठा फिरवला.

“मग या खुर्चीत कोण बसणार?”

“कोणीही बसेल. ऐकायला खुर्ची लागतेच की.”

“ज्या दिवशी तो डबा इथे बोलेल, त्या दिवसापासून मी घरी बसेन,” कुंजंबू म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. “चीरू, माझा चहा राहू दे.”

तो छत्री उचलून पायऱ्या उतरून गेला. मायिन हसला खरा, पण त्याला हसू पुरलं नाही. बायको कार्त्यायनी गेल्यापासून कुंजंबू घरात एकटा होता, मुलगा तिकडे बेंगळुरूला. सकाळी उठून धुतलेलं मुंडू नेसावं, केस विंचरावेत, एवढी उमेद त्याला या खुर्चीमुळेच होती. हे मायिनला कळत होतं. पण वाद म्हणजे वाद, आणि हा तर चाळीस वर्षांचा.

“रुसला,” तो म्हणाला.

चीरूने त्याच्यापुढे चहाचा ग्लास जरा आदळूनच ठेवला.

मधे ओणम आला. आमच्याकडे ओणमला रुसवे टिकत नाहीत. केळीच्या पानाभोवती कोण कोणाशी बोलत नाही हे पाहायला सवड नसते. सणाच्या सकाळीही थोडा वेळ ओसरी भरली, मायिनने गरम केळ्याची भजी आणून पेपरावरच ओतली, डब्याचं नाव कोणी काढलं नाही आणि घाईघाईने दोन पानं वाचून जो तो आपापल्या घरी जेवायला गेला.

सणाला छापखाने बंद, म्हणून दुसऱ्या दिवशी पेपर नाही. हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्या बिनपेपरच्या सकाळी वाचनालयात चीरूच्या घरचं उरलेलं पायसम खायचं, पत्ते कुटायचे आणि बातम्यांवाचून भांडायचं, असा रिवाज आहे. मायिन बायकोने तळून दिलेल्या, केळ्याच्या गोड उन्नक्कायांचा डबा काखेत मारून, त्यांतली एक वाटेत खाऊन, निवांत आला. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि त्याला तो खणखणीत आवाज ऐकू आला.

“पहिलं पान. अळीक्कल. दोन दिवस समुद्रात वाट चुकलेली मच्छीमारांची बोट आज पहाटे सुखरूप बंदराला लागली. बोटीवरचे सर्वजण ठीक आहेत. किनाऱ्यावर त्यांच्या घरच्यांनी...”

मायिन पायरीवरच थांबला. हीच बातमी घरून निघताना त्याने फोनवर पाहिली होती. आज पहाटेची बातमी. छापलेल्या पेपरात ती उद्या येईल.

कुंजंबू नेहमीच्या खुर्चीत नेहमीसारखा ताठ बसला होता. हातात पेपर होता, पण कालचा. काल मायिननेच त्यावर भजी ओतली होती, तो तेलाचा डाग तसाच होता. वर बातमीचं नावही नव्हतं. पानभर सोन्याच्या दुकानाची जाहिरात होती, दागिन्यांनी मढलेली एक नवरी. कुंजंबूचं बोट त्या नवरीच्या गळ्यातल्या हारांवरून ओळीओळीने सरकत होतं आणि तोंडातून बोट किनाऱ्याला लागत होती.

मायिनने तोंड उघडलं. पण त्याआधी स्टोव्हपाशी बसलेल्या चीरूने मान हलवली. एकदाच, पण अशी की त्याचं तोंड आपोआप मिटलं.

“मायिन, आलास का? ही कळशी धर. विहिरीवरून पाणी आणायचंय,” ती मोठ्याने म्हणाली. “तू वाच एट्टा, आम्ही ऐकतोय.”

विहीर मागे होती, विड्यांच्या शेडला लागून. तिथे पोहोचेपर्यंत मायिनने कसाबसा दम धरला.

“त्याला दिसत नाही?”

“हळू बोल. कान शाबूत आहेत त्याचे.”

“कधीपासून?”

“वर्ष होईल. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. तू आलास हे दिसतं, तुझं तोंड दिसत नाही. त्याचं त्याला फारसं दुःख नाही.” चीरूने पोहरा आत सोडला. “पण अक्षर दिसत नाही. कन्नूरच्या डॉक्टरांनी हात टेकले म्हणे.”

“तुला त्याने सांगितलं?”

“तो सांगतोय! अरे, पहाटे दूध घालायला मी त्याच्या मागच्या अंगणातून जाते. एक दिवस आतून बाईचा आवाज. म्हटलं, कार्त्यायनीच्या मागे हा म्हातारपणी काय उद्योग करून बसला! खिडकीला कान लावला. तर ती बाई बातम्या देतेय आणि हा तिच्यामागून एकेक ओळ घोकतोय, परीक्षा असल्यासारखा. फोन होता रे. बोलणारा. मग एकदा त्यावरच मुलाला डोळ्यांचं सगळं सांगताना ऐकलं.”

मायिन विहिरीच्या कट्ट्यावर बसला. आधी त्याच्या खांद्यांना हसू फुटलं आणि मग ते तोंडावर आलं.

“फोन! कुंजंबूकडे! आणि त्यातली बाई त्याला बातम्या देते! आणि मला म्हणतो वाळवी!” त्याने मांडीवर थाप मारली. “चाळीस वर्षं, चीरू! चाळीस वर्षं हा माणूस माझ्याशी भांडतोय. रविवारी कमिटीत उभं राहून मी फक्त एवढंच सांगायचं...”

“सांग ना.”

तिने इतक्या सहज म्हटलं की दुसऱ्या थापेसाठी उचललेला हात त्याने खाली घेतला.

“सांग, आणि मग तुझा डबा बसव. आम्ही ऐकू. एट्टा घरी बसेल आणि पहाटे उठून घोकायचंही काही कारण राहणार नाही त्याला.” कळशी भरली. चीरूने ती उचलली नाही. “फोनने बातम्यांची सोय झाली. निधनाचं पान काही फोनवाली बाई सांगत नाही. आपल्या इथलं कोण मेलं, तिला काय ठाऊक? म्हणून ते पान तो मला देतो. रांगेबिंगेचं सगळं नाटक.”

मायिन तिच्याकडे बघत राहिला. चीरूच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं सगळं गाव म्हणायचं. त्यानेही कितीदा म्हटलं होतं.

“आणि तू वर्षभर गप्प बसलीस? तू?”

“सुपात टाकलेल्या विड्यांचं कोणी बोलून दाखवायचं का?” चीरू म्हणाली.

शेडचं दार उघडं होतं. आत लाल खुर्च्यांच्या उतरंडी रचलेल्या होत्या. त्यांच्याखालची फरशी तीच होती, अक्षरं गिरवलेली. मायिनला स्वतःची लाज वाटली आणि त्याहून जास्त कुंजंबूचं कौतुक वाटलं. आपल्याला सकाळी चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही आणि हा गडी रोज अख्खा पेपर तोंडपाठ करून येतो! तेही जागच्या जागी पानं उलटत, शिव्यासुद्धा योग्य ठिकाणी देत!

तेवढ्यात पुढच्या बाजूला स्कूटर थांबल्याचा आवाज आला. चीरू दचकली.

“पवित्रन!”

मायिनने कळशी उचलली आणि तो जवळजवळ धावतच सुटला. अर्धं पाणी त्याच्याच मुंडूवर सांडलं. तरी उशीर झालाच होता. पवित्रन ओसरीच्या पायरीवर हेल्मेट काढत उभा होता.

“कुंजंबूएट्टा, काय वाचताय एवढ्या जोरात? आज पेपर कुठला? काल ओणम होता ना!”

नवरीच्या गळ्यावर कुंजंबूचं बोट थांबलं. पुढचा शब्द आला नाही. इतक्या वर्षांत त्याला पुढचा शब्द आला नाही असं कधी झालं नव्हतं. त्याने पानावरून अंगठा फिरवला, तो तेलाच्या डागावर अडला. फोनला ओणम माहीत नव्हता. त्याने पहाटे रोजच्यासारख्या बातम्या दिल्या होत्या आणि कुंजंबूने त्या रोजच्यासारख्या घोकल्या होत्या, खुर्चीवरचा पेपरही सवयीने उचलला होता.

“आज...” तो म्हणाला.

“पेपर नाही म्हणून बातम्या थांबतात का रे?” मायिन मागून ओरडला. तो धापा टाकत ओसरीवर चढला आणि कळशी ठेवून कुंजंबूच्या खुर्चीशेजारी उभा राहिला. “मी सांगितल्या त्याला. सकाळी फोनवर ऐकल्या आणि येऊन सांगितल्या. म्हटलं, आता तू वाचून दाखव.”

“मग तुम्हीच का नाही सांगितल्या सगळ्यांना, मायिनिक्का?”

“मी सांगितलं की चीरूला झोप येते.”

“येते,” चीरू लगेच म्हणाली.

“पण हातात कालचा पेपर कशाला?”

“गवयाला तंबोरा लागतो, याला पेपर लागतो. तू वकील आहेस की सेक्रेटरी? बस, पायसम खा.”

पवित्रन हसला आणि बसला. चीरूने त्याच्या हातात वाटी दिली. गुळाचं पायसम रात्रभर मुरून दाट झालं होतं. पवित्रन दोन घास खाऊन म्हणाला, “बरं झालं भेटलात. रविवारी तुमच्या बोलक्या डब्याचा विषय पहिलाच घेतो.”

मायिनने कुंजंबूकडे पाहिलं. कुंजंबू रस्त्याकडे बघत होता.

“काढून टाक तो विषय,” मायिन म्हणाला.

“काढून? तुम्हीच तर महिनाभर माझ्या मागे लागला होतात!”

“घरी लावून बघितला मी तो डबा. बातमी सांगतो, पण वाचत नाही. बोट बुडाली काय आणि परत आली काय, त्याला सारखंच. ज्याच्या घरी चूल पेटत नाही त्याचा नुसता आवाज, दुसरं काय!” हे बोलताना मायिनला आपण औषध गिळतोय असं वाटत होतं, पण एकदा गिळायचं म्हटल्यावर त्याने सगळं गिळलं. “शिवाय आता तो बायकोच्या ताब्यात गेलाय. दिवसभर त्याच्याकडून जुनी मापिला गाणी ऐकते आणि मी बोललो की गप्प बसवते. तिच्याकडून काढून आणायची तुझी हिंमत असेल, तर जा.”

पवित्रनची तेवढी हिंमत नव्हती. त्याने वाटी चाटूनपुसून संपवली, दोन उन्नक्काया खिशात घातल्या आणि तो स्कूटर घेऊन गेला.

कुंजंबूने मांडीवरचा पेपर उगाच सारखा केला.

“मायिन.”

“काय?”

“आज फ्रिजचं काढलं नाहीस.”

“राहून गेलं,” मायिन म्हणाला. त्याने खुर्ची ओढली आणि मुंडूचा ओला काठ पिळला. “बोटीचं अर्धवट राहिलंय. किनाऱ्यावर घरच्यांनी काय केलं?”

कुंजंबूने घसा खाकरला. पहिल्या ओळीला आवाज जरा चिरकला, मग सापडला. किनाऱ्यावर घरच्यांनी त्यांना मिठ्या मारल्या, कोणीतरी फटाके उडवले, एका म्हातारीने मुलाला आधी थोबाडीत मारली आणि मग जेवायला वाढलं. यातलं फोनवर किती होतं आणि कुंजंबूचं किती, ते मायिनने तपासायला घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेपर वेळेवर आला. मायिनही आला, पण ओसरीवर बसला नाही. पेपर बगलेत मारून तो सरळ कुंजंबूच्या फाटकाशी गेला.

“डॉक्टरांनी चालायला सांगितलंय,” त्याने तिथूनच हाक मारली. “म्हटलं, तुझ्या वाटेने जावं.”

“कोणत्या डॉक्टरांनी?”

“आहेत एक. चल.”

नारळीच्या बागांमधून वाचनालयाकडे जाणारी वाट अरुंद आहे. दोघं पुढेमागे चालले. मायिनने वाटेतच पेपर उघडला, निधनाचं पान काढलं आणि स्वतःशीच पुटपुटल्यासारखं, पण पुढे चालणाऱ्याला ऐकू जाईल इतकं, एकेक नाव वाचायला घेतलं. कुंजंबूने विचारलं नाही आणि मायिनने सांगितलं नाही. फक्त एका अवघड आडनावाशी मायिन अडखळला, तेव्हा कुंजंबू मागे न बघता म्हणाला, “उच्चार अजून तसेच. तंबाखूत गिरवलेले.”

“गुरूच तसा मिळाला.”

चीरूने दोघांना वळणावरून येताना पाहिलं. मायिनचं तोंड चाललेलं होतं आणि कुंजंबूची मान ऐकण्यासाठी किंचित कलती होती. तिने गडबडीने चहाचं भांडं स्टोव्हवर चढवलं.

कुंजंबू खुर्चीत बसला. पेपर झटकला, दुमडला, घसा खाकरला, समोरच्या शंभर माणसांवरून नजर फिरवली.

“निधन,” तो म्हणाला.

चीरूचा हात भांड्यावरच थांबला.

“पिलात्तरा. निवृत्त शिक्षिका देवयानी टीचर यांचं राहत्या घरी निधन झालं. पती परलोकवासी गोपालन. मुलगे दोन, दोघेही दुबईत. सून...”

“अगंबाई, देवयानी टीचर गेल्या? माझ्या मावसबहिणीची नणंद ती,” चीरू म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि चेहरा मात्र पंगतीला बसल्यासारखा तृप्त होता. “वाच, वाच. अंत्यविधी कधी?”

“दुपारी. घराच्या आवारात.”

सगळं पान झालं. कोण कुणाची कोण, कुठे दिली होती, सगळं झालं. मग चहा झाला, कॉम्प्युटरच्या बाईवरून पुन्हा एकदा जुंपली, कांद्याच्या भावावर कुंजंबूचा आवाज बसला. शेवटी पेपर मिटायच्या बेताला आला, तेव्हा त्याने एक पान मागे उलटलं.

“आणखी एक बातमी आहे. कारक्कुन्न.”

“आपलं गाव? पेपरात?” चीरू पुढे सरकली.

“शारजाहून परतलेले येथील ज्येष्ठ यंत्रप्रेमी मायिन यांनी, यंत्राला वाचता येत नाही, असं नुकतंच चारचौघांत कबूल केलं,” कुंजंबूने संथपणे, एकही शब्द न गाळता वाचलं. “त्यांच्या प्रकृतीत आता सुधारणा आहे.”

मायिन खुर्चीत उठून बसला.

“हे कुठे छापलंय?”

“पान सहा. खाली, डाव्या बाजूला.” कुंजंबूने पेपर त्याच्यापुढे धरला. नजर मायिनच्या चेहऱ्यावर नव्हती, जराशी बाजूला, कानाजवळ कुठेतरी होती. तिथून त्याला जेवढा मायिन दिसत असेल तेवढा तो बघत होता.

मायिनने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. पान सहावर खाली डाव्या बाजूला छत्र्यांची जाहिरात होती. सोंडेत छत्री धरलेला एक हत्ती होता. मायिनने ती जाहिरात वरपासून खालपर्यंत नीट, एकेक अक्षर लावत पाहिली.

“छापलंय खरं,” तो म्हणाला. “पण फोटो काही माझा चांगला आलेला नाही.”

चीरूने वाकून पान पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. कुंजंबूने पेपर परत घेतला, घडी घातली आणि चहासाठी ग्लास पुढे केला.